जमादार असंच निघाले

लालासाहेब जमादारांनी वहाणा घालायला खाली पाहिलं, तर वहाणा दिसेनात. वहाणा होत्या तिथंच होत्या. मधे पोट आलं होतं.

“अगं, माझ्या व्हाणा कुणी हलवल्या?”

“तुमच्या पायाम्होरंच हायत,” शालूबाई चुलीपुढून म्हणाल्या. “जरा वाका म्हंजे दिसतील.”

जमादार वाकले. वाकल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते उंबऱ्यावर मटकन बसले. लेकीनं, मनुबाईनं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला, तेव्हा कुठं त्यांना समोरची तुळस एकच आहे हे दिसू लागलं. आधी दोन दिसत होत्या.

जमादार सहा वर्षं लढाईवर होते, पण पलटणीच्या राशनच्या कोठीवर. साऱ्या ब्रह्मदेशात ते एकदाही उपाशी राहिले नव्हते. पेन्शन घेऊन घरी आले, तर शालूबाईंनी नवऱ्याच्या वाटणीचं सहा वर्षांचं जेवण सहा महिन्यांत वाढलं. जमादारांनीही कुठला घास परत पाठवला नाही. त्याचा हा परिणाम.

दुसऱ्याच दिवशी बैलगाडीनं तिघं सांगलीला गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दंडाला पट्टा गुंडाळून दोनदा फुगवून पाहिला.

“जमादारसाहेब,” शेवटी ते म्हणाले, “दारूगोळा चुकवून आलात. आता तूपगूळ चुकवा.”

“औषध?”

“देतो. पण खरं औषध तुमच्या पायात आहे. रोज सकाळी झपझप एक कोस चालायचं. भाकरी, पालेभाजी, ताक. गोड, तूप, तळण बंद. आणि दिवस मावळायच्या आत जेवण. हे केलं नाहीत तर पुढच्या खेपेला उंबऱ्यावर बसाल, ते उठणार नाही.”

परतताना नदी ओलांडल्यावर शालूबाईंनी डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ह्यातलं गावात कुणाला कळता कामा नये. मनूची सुपारी फुटलीय. पोरीच्या बापाच्या काळजात दोष हाय म्हणल्यावर वडूजचं पाव्हणं म्हागं सरतील.”

“मग लोकांनी इचारलं तर काय सांगायचं?”

“काय बी सांगा. आजाराचं नाव काढू नका.”

मनुबाई सतरा वर्षांची होती, बोलायला मवाळ आणि करायला कडक. घरी येताच तिनं तुपाची बरणी मामाच्या घरी पोचती केली. गुळाच्या ढेपेला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या कमरेला गेली. संध्याकाळी बापाच्या ताटात तिनं एक भाकरी, मेथीची भाजी आणि वाडगाभर ताक ठेवलं. जमादारांनी भाजी चाखली, मग परातीकडं पाहिलं. परात रिकामी होती.

“मने, ही नमुन्याची भाकरी का?”

“व्हय आबा. आन् नमुना एकच आसतो,” मनू म्हणाली.

पौषातली थंडी होती. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच जमादार पटका बांधून बाहेर पडले आणि म्हसोबाच्या माळाकडं झपझप चालू लागले. वाटेत केरबाची मोट चालू होती.

“राम राम जमादार! सकाळच्या पारी कुनीकडं?”

“कुठं न्हाई. असंच.”

“असंच म्हंजे?”

“म्हंजे चाललोय.”

“त्ये दिसतंय की. पर कुठं?”

“म्हसोबाच्या माळापतूर.”

“नवस बोलला व्हता व्हय?”

“न्हाई रं. नुसतं जायाचं आन् परत यायाचं.”

केरबानं बैल उभे केले. माणूस चालतो तो शेतावर जायला, बाजाराला जायला, नाहीतर कुणाच्या मातीला. नुसतं जायचं आणि परत यायचं, हे त्याच्या आयुष्यात बसणारं नव्हतं. जमादार दिसेनासे होईपर्यंत तो त्यांच्या पाठीकडं पाहत राहिला. अर्ध्या तासानं ते रिकाम्या हातांनी, घामाघूम होऊन परत आले, तेव्हा मोट अजून विहिरीतच होती.

चार दिवसांत गावभर झालं. कुणी म्हणालं, माळावर जमादार आपल्या समाधीसाठी जागा बघून ठेवतायत. कुणी म्हणालं, ब्रह्मदेशात ऐकलेला मंत्र सिद्ध करतायत. सातव्या दिवशी मात्र धोंडुबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बातमी आणली. धोंडुबाई गावातली सर्वांत थोरली. वस्तीवर एकटी राहायची आणि तिचा शब्द खाली पडत नसे.

“हरभऱ्याच्या रानात उभा राहून कच्चा पाला खात व्हता लाला! खातोय, खातोय, ढोरावानी! मग मुळा उपटला आन् पाल्यासकट कराकरा चावला.”

खरं होतं. एका भाकरीवर जमादारांचा दिवस निघत नव्हता, आणि पाला खायला डॉक्टरांची मनाई नव्हती. पण दिवस रेशनचे होते. पारावर बसलेल्यांना अर्थ लागायला वेळ लागला नाही. जमादाराच्या घरी खायचे वांधे झालेत, किंवा लग्नासाठी धान्य राखायचं म्हणून बायको आणि लेक मिळून त्याला उपाशी ठेवतायत. म्हणून बिचारा तांबडं फुटताच घर सोडतो. इज्जतीपायी सांगत नाही, ‘असंच’ म्हणतो.

गाव भलं होतं. एवढं कळल्यावर ते हात बांधून बसणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई वाटेतच उभी होती. “लाला, बस हितं.” तिच्या हातात गरम भाकरी होती आणि भाकरीवर लिंबाएवढा लोण्याचा गोळा.

“नगं काकी. पोट भरलंय.”

“मला सांगतोस? तुझी आय आसती तर तिला नगं म्हणाला आसतास?”

आई मध्ये आल्यावर जमादारांचा इलाज चालला नाही. ते बसले आणि खाल्लं. खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडुबाईला वाटलं उपासाचं. खरं तर कितीतरी दिवसांनी लोणी भेटलं होतं.

पुढं जोतिबाचं गुऱ्हाळ लागायचं. ऊस गाळायचे दिवस, काहिलीतून वाफ निघतेय, आणि सारा माळ गोड वासानं भरलेला. जमादार नाक दाबूनच तिथून जात. पण जोतिबानं हाताला धरून त्यांना आत नेलं, ताज्या गुळाचा गोळा आणि शेंगदाणे पुढं ठेवले, वर तांब्याभर काकवी बांधून दिली. “घरी दावू नका,” तो कानात म्हणाला, “वाटंतच प्या.”

नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. कारण सांगावं तर मनूचं लग्न मोडतं. जमादार दोन्हींच्या मधे सापडले आणि खात राहिले.

संध्याकाळचं त्याहून अवघड झालं. दिवस मावळायच्या आत जेवायची जमादारांना सवय नव्हती. त्यात दिवसभर लोणी-गूळ खाल्ल्यावर तेवढ्या लवकर भूकच लागायची नाही. गावात कल्लाप्पा हा जैन व्यापारी हळदीचा आणि गुळाचा व्यापार करायचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सूर्य बुडायच्या आत चूल थंड होई. ही सवय कशी जमते ते पाहावं म्हणून जमादार एका संध्याकाळी सहज त्याच्याकडं जाऊन बसले. कल्लाप्पाच्या बायकोनं, पद्मावतीनं, गावातली बातमी ऐकलीच होती. तिनं तुपानं निथळणाऱ्या सांज्याच्या पोळ्या वाढल्या, आणि दुसऱ्या दिवशीही या म्हणून शपथ घातली. तिथून घरी यावं तर मनू ताट वाढून बसलेली.

“आबा, दिस बुडतोय. बसा चटदिशी.”

मग जमादार दुसऱ्यांदा जेवत. लेकीनं इतकं राखून, इतकं जपून केलेली मेथी टाकणं त्यांच्या जिवावर येई.

असे तीन आठवडे गेले. जमादार एक दिवस चुकले नव्हते. घाम गाळत होते. आपण किती उतरलो ते पाहायला ते कल्लाप्पाच्या वखारीत गेले. ढेपा तोलायचा मोठा काटा तिथं टांगलेला होता. सुरुवातीला त्याच पारड्यात बसून त्यांनी गुपचूप वजन केलं होतं. दोन मण पंधरा शेर. आता पुन्हा बसले. कल्लाप्पानं समोर वजनं टाकली, आणखी टाकली, आणखी एक टाकलं.

“दोन मण अठरा,” कल्लाप्पा म्हणाला.

“कल्लाप्पा, तुझा काटा बिघडलाय.”

“काट्याला काय झालंय? सरकारी शिक्का हाय त्येच्यावर. बिघडलंय ते पारड्यात बसलंय बघा.”

जमादार हसले नाहीत. पारड्यातून उतरले आणि तिथंच एका ढेपेवर बसून राहिले. ते म्हणाले, “माझ्या हातनं हे न्हाई व्हायचं.” आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

कल्लाप्पानं वजनं जागेवर ठेवली. “चालायला कुणी सांगितलंय?”

“कुणी न्हाई. असंच.”

“हं,” कल्लाप्पा म्हणाला, आणि पुढं काही विचारलं नाही.

दोन दिवसांनी धोंडुबाई नेहमीसारखी वाटेत उभी होती. जमादारांनी मनातल्या मनात लोण्याशी लढायची तयारी केली. पण तिच्या हातात भाकरी नव्हती, भोपळा होता.

“लाला, माळाकडंच चाललायस न्हवं? माळापल्याड माझ्या लेकीची वस्ती हाय. एवढा दे की तिला.”

जमादारांना इतका आनंद झाला, की त्यांनी भोपळा मुलासारखा उचलून खांद्यावर घेतला. पुढं जोतिबानं नांगराचा फाळ दिला. शेजारच्या गावच्या लोहाराकडं पोचवायचा होता. लोहाराच्या पुढच्या घरी केरबाचा साडू होता, त्याच्यासाठी केरबानं एक कोंबडी दिली. वाटेत नवं कुणी “या, दोन घास खा” म्हणालं, तर जमादार म्हणत, “हात रिकामं न्हाईत!” आणि ते खरंच असे.

रोज काही ना काही निघू लागलं. कुणाच्या लेकीला निरोप, कुणाचं बियाणं, कुणाची मोडकी खुरपी. एक कोसाचे अडीच कोस झाले, आणि तेही ओझ्यासकट. घरी पोचेपर्यंत इतकी भूक लागे, की मनूची मेथी आणि ताक जमादार बोटं चाटून संपवत. पद्मावतीनंही कसं कोण जाणे, बोलावणं थांबवलं होतं. माघात मनूनं त्यांच्या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं शिवण घातली. शिवताना ती गुणगुणत होती. जमादारांनी ते ऐकलं आणि उगीचच अंगणात जाऊन बैलाची पाठ थोपटली.

इकडं पहिली बातमी मात्र चालतच होती. वडूजचा एक माणूस सांगलीच्या हळदबाजारात आला होता. तिथं त्यानं ऐकलं, आणि जाताना वडूजला नेलं. मनूच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, नाथाजींच्या कानावर ती पोचली तेव्हा तिला बरीच कणसं लागली होती. तुमचे व्याही कच्चा पाला खाऊन जगतात. बायको-लेक त्यांना घराबाहेर काढतात. आता तर लोकांची ओझी वाहून पोट भरतात.

नाथाजी मानी माणूस. “जी पोरगी बापाला उपाशी ठिवती, ती सासऱ्याला काय घालणार?” ते बायकोला, चंद्राबाईंना म्हणाले. दोघं काही न कळवता मोटारीनं सांगलीला आली, रात्र एका नातलगाकडं काढली आणि सकाळी टांगा करून गावाकडं निघाली.

म्हसोबाच्या माळावर टांगेवाला घोड्याचा पट्टा आवळायला खाली उतरला होता, आणि समोरून जमादार येत होते. एका खांद्यावर भोपळा, दुसऱ्या खांद्यावर फाळ, काखेत कोंबडी आणि दातांत कुणाच्या तरी चिठ्ठीचा कागद.

नाथाजींनी डोळे चोळले. “लालासाहेब?”

जमादारांनी वर पाहिलं. होणारे व्याही! पलटणीतली सवय अंगात होती. हात आपोआप सलामाला वर गेला, आणि काख उघडली. कोंबडी सुटली, फडफडत उडाली आणि नेमकी घोड्याच्या पाठीवर जाऊन बसली. घोड्यानं आजवर पाठीवर कोंबडी घेतली नव्हती. तो चौखूर उधळला. टांगेवाला खाली, लगाम जमिनीवर, आणि टांग्यात नाथाजी आणि चंद्राबाई.

“आवं धरा! धरा!” चंद्राबाई ओरडल्या.

जमादारांनी फाळ टाकला, भोपळा टाकला, आणि धावले. माळ उताराचा होता आणि खाली ओढा. ओढ्याच्या अलीकडं पन्नास हातांवर त्यांनी लगाम पकडला, घोड्याबरोबर थोडे फरफटले, आणि “हो, हो, माझ्या राजा” करत त्याला उभा केला. कोंबडी शेवटपर्यंत पाठीवर होती. आता ती शांतपणे खाली उतरली आणि किडे टिपू लागली.

जमादार लगाम धरून उभे राहिले. डोळ्यांपुढं अंधारी येईल म्हणून वाट पाहिली. आली नाही. छाती धडधडत होती, पण धावलेल्या माणसाची धडधडावी तशी. समोर एकच घोडा होता. दोन नव्हते. त्यांनी सूर्याकडं पाहून हात जोडले.

नाथाजी मात्र खाली उतरताच वाटेच्या कडेला बसले. चेहरा पांढरा पडला होता, हात छातीवर होता. पळाला होता तो घोडा, पण दम लागला होता नाथाजींना. चंद्राबाई एकदा नवऱ्याकडं आणि एकदा जमादारांकडं पाहत होत्या.

घरी एकच धांदल उडाली. पाहुणे आले आणि घरात तूप नाही, तळायला तेल नाही. गुळाला कुलूप आणि मनू किल्ली सोडेना. शालूबाईंनी कपाळाला हात लावला. मनूनं मात्र आहे तेच शांतपणे वाढलं. बाजरीची भाकरी, चाकवताची भाजी, मटकीची उसळ, मुळ्याची कोशिंबीर, ताक.

नाथाजींनी ताटाकडं पाहिलं. जे ऐकलं ते खरंच होतं तर.

“लालासाहेब,” ते म्हणाले, “राग मानू नका. घरात दाणा नसंल तर सांगायचं व्हतं. सोयऱ्यांपासनं लपवायचं न्हाई. तुमी लोकांची वझी वाहताय, पाला खाताय. मी काय ह्या ताटाला नाव ठिवत न्हाई. पर ज्या घरात बापाची ही दशा...”

“मामंजी,” आतून आवाज आला. मनू दारात येऊन उभी राहिली होती. अजून सून न झालेल्या पोरीनं बोलू नये, हे तिला माहीत होतं. पदर हातात घट्ट धरला होता. “आबांची दशा आमी केली न्हाई. आबा आजारी व्हते. काळजाचा दोष निघाला व्हता. लगीन मोडंल म्हणून आमी लपवलं. पथ्य बी मीच चालवलं, कुलूप बी मीच लावलं. चूक हाय ती आमची हाय. पर आबा आज पळालं न्हवं?”

शालूबाईंनी तोंडावर पदर घेतला. जमादार खाली मान घालून बसले. लग्न मोडलं, असं त्यांना वाटलं. आणि वाटलं ते हेही, की मोडलं तरी चालेल, ही पोर आपल्याच घरी राहू दे.

चंद्राबाईंना हुंदका आला. मग लक्षात आलं की त्या हसतायत. दोन्ही एकदमच चाललं होतं.

“सांगा की वो आता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “का मी सांगू?”

“तू गप.”

“कशी गप? सा म्हैनं गप हाय मी!” त्या शालूबाईंकडं वळल्या. “इहीणबाई, आवं, ह्यास्नी बी त्येच झालंय. साताऱ्याच्या डाक्टरनं ह्येच सांगितलंय. चाला, गोड सोडा, तूप सोडा. आन् आमी बी लपवलं! म्हणलं, वराच्या बापाला आजार हाय म्हणल्यावर पोरगी कोण देतंय? ह्यो बाबा काय ऐकत न्हाई. चालायला काढलं तर बांधावर जाऊन निजतोय. घरात पेढं बंद केलं तर धान्याच्या कणगीत लपवतोय!”

“कणगीत येकदाच ठिवलं व्हतं,” नाथाजी पुटपुटले.

आधी जमादार हसले. मग शालूबाई पदराआडून हसल्या. शेवटी नाथाजींनाही राहवेना. त्यांनी मान खाली घालून ताट पुढं ओढलं आणि चाकवत खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला. चंद्राबाई त्यांच्याकडं पाहतच राहिल्या. नवऱ्यानं पालेभाजी मागून घेतलेली त्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होत्या.

उधळलेल्या टांग्याची बातमी ऐकून तेवढ्यात कल्लाप्पा आला. जमादारांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. “तुझ्यापासनं बी लपवलं गड्या. माफ कर.”

“मला कवाच कळलं व्हतं,” कल्लाप्पा म्हणाला. “माणूस रोज चालतोय, वजन बघतोय आन् वाढलं म्हणून रडतोय, तर त्येला काय झालंय हे कळाय डाक्टर लागतोय व्हय? तुमी सांगत न्हाई म्हणल्यावर मी बी इचारलं न्हाई. धोंडुबाईला, जोतिबाला नि केरबाला एवढंच म्हणलं, जमादाराला काय द्यायाचं आसंल तर खायाला देऊ नका, न्यायाला द्या. आमच्या घरात बी तेच सांगितलं.”

जमादार त्याच्याकडं पाहतच राहिले. “म्हंजे, त्यो फाळ?”

“चांगला हाय फाळ. लोहार दिसाआड परत पाठवतोय. कोंबडी बी तीच. केरबाचा साडू तिला सांजच्याला परत आणून सोडतोय. बिचारीचं बी चालणं झालं.”

“आन् भोपळं?”

“भोपळं खरं. धोंडुबाईची लेक म्हणती, आता पुरं करा, गोठ्यात जागा न्हाई.”

जमादारांना हसू आलं. आपण ज्या वाटेनं एकटे चालतो असं इतके दिवस वाटत होतं, त्या वाटेवर दर शंभर पावलांवर कुणीतरी आपल्यासाठी उभं होतं. त्यांनी कल्लाप्पाचा हात दोन्ही हातांत घेतला. कल्लाप्पाला असल्या गोष्टींची सवय नव्हती. “बरं बरं, दिस बुडायच्या आत जेवा म्हंजे झालं,” म्हणून तो उठला.

पाहुण्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांनी नाथाजींना उठवलं आणि बरोबर घेतलं. वाटेत ते प्रत्येक घरापुढं थांबले, आजाराचं मोकळेपणानं सांगितलं आणि हात जोडले. केरबानं मोट सोडून त्यांच्या पाठीवर थाप मारली. जोतिबाला एवढं अवघडल्यासारखं झालं, की तो उगीचच काहिलीत डोकावून पाहू लागला. धोंडुबाईनं आधी शिव्या घातल्या. “मुडद्या, आधी सांगायचं न्हाई व्हय? माझ्या लोण्यानं मेला आसतास तर मी कुठं तोंड दावलं आसतं?” आणि मग त्यांच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

माळाच्या अर्ध्या चढावर नाथाजींनी हार खाल्ली. ते एका दगडावर बसले आणि घाम पुसू लागले. खाली नदी दिसत होती, उसाच्या रानांवर ऊन पसरत होतं, आणि गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता.

“लालासाहेब,” काही वेळानं नाथाजी म्हणाले, “तुमचं नशीब थोर. तुमच्या पाठीमागं एवढं गाव उभं राह्यलं. आमच्या वडूजात माझ्यासाठी एवढं कोण करणार?”

जमादारांनी नदीकडं पाहिलं.

“वैशाखात मनू येतीय की तुमच्याकडं,” ते म्हणाले.

नाथाजींनी क्षणभर विचार केला. मग गुडघ्यांवर हात देऊन ते उठले, धोतर झटकलं आणि चढाला लागले.